जवाईबापूंचा डास

पाचपावलीत कोणालेही विचारा, ईश्वरदासचं घर कोणतं. मागाच्या खड्ड्यावर फळ्या ठोकून ज्यानं कंप्युटर बसवला, ते घर! बापानं जिथं बसून जिंदगीभर लुगडी विणली, तिथं आता हिरव्या पडद्यावर मोटरी पळत. असा माणूस आमच्याच घरी जन्माले आला, त्याले कोणी काय करावं? अक्कल मोठ्या भावावर, म्हणजे माझ्यावर गेली. बोलणं कोणावर गेलं ते मालूम नाही, कारण तो बोलतच नाही.

कोराडीच्या वीज कारखान्यात त्याची नोकरी. केसात राख घेऊन बसमधून उतरे, हातपाय धुवे अन् सरळ फळीवर जाऊन बसे. हा कंप्युटर काही दुकानातून हार घालून आणला नव्हता. कोण्या ऑफिसानं भंगारात काढलेला डब्बा, दुसरीकडचा पडदा, जरीपटक्याच्या बाजारातून आणलेला कीबोर्ड, असा जोडजाड करून उभा केला. दोनचार इंजिनेर पाहून गेले, चहा पिऊन गेले, बोलले काहीच नाही. जळून राहिले होते, दुसरं काय!

एकोणनव्वद साल. तान्हा पोळा आला. आमच्याकडं पोट्टे लाकडी नंदी सजवून दारोदार फिरतात, बाया नंदीले ओवाळतात अन् पोट्ट्याच्या हातावर बोजारा ठेवतात, खाऊ नाही त चिल्लर. ईश्वरदासनं गल्लीत सांगून टाकलं, "यंदा माझ्या घरचा बोजारा म्हणजे एकेक डाव मोटर पळवाची." जिंदगीत पहिल्यांदा हा माणूस चारचौघात बोलला, अन् बोलला त असं बोलला! दारात आलेला नंदी त्या दिवशी खाली हातानं वापस धाडत नसतात.

कंप्युटर सुरू कराले पहिले डॉसची फ्लॉपी घालावी लागे, मग गेमची. ईश्वरदासजवळ जुना तीन नंबरचा डॉस होता. त्याच्यावर मोटर मस्त पळे. पण आदल्या दिवशी, मोठ्या पोळ्यालेच वाडीवरून जवाईबापू आले. चंपतराव, आमच्या बहिणीचे, कुसुमावतीचे मालक, ट्रान्सपोर्टच्या गोडाउनात कारकून. आल्या आल्या त्यायनं बुशकोटातून नवी फ्लॉपी काढली.

"घ्या साळेसाहेब, डॉस चार! एकदम ताजा माल. तीन नंबर फेका आता."

"डास?" माय, म्हणजे गोदूबाई, चुलीजवळून ओरडली. "नाल्यावरून फुकट येऊन राहिले, तुम्ही काहून आणले बापू?"

ईश्वरदासनं फ्लॉपी उलटीपालटी करून पाहिली. "भाऊजी, या डब्ब्याची मेमरी लहान आहे. चार नंबर जाडा पडते. गेमले जागाच नाही उरत."

"चार मोठा का तीन मोठा?"

"चारच मोठा. तेच त सांगून राहिलो."

"मंग मोठ्यात जास्त मावन का कमी?"

"तुमच्या वाडीच्या खोलीत घरमालकच बायकापोरं घेऊन राहाले आला, त तुम्ही बाज कुठं टाकाल?"

चंपतरावचं तोंड फुगलं. "माझी खोली काढता? भाड्याची आहे म्हणून?"

कुसुमावतीनं भावाले दाराआड ओढलं. "लाव ना गा तो चार नंबर! लग्नात पापड जळका निघाला म्हणून हा माणूस दिवाळीले आला नव्हता. आता रुसला त महालक्ष्म्यायच्या सणाले मले माहेरी धाडत नाही."

लावला. डॉस सुरू झाला, मोटर काही सुरू होईना. मेमरी कमी आहे, म्हणून कंप्युटरनं सरळ सांगितलं. "तुमचा गेमच पुराना असन," चंपतराव म्हणाले अन् पुरणपोळी खाले बसले.

दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याले दारात नंदीच नंदी. चंपतराव उंबरठ्यावर उभे राहून बोंबलून राहिले, "या, या! चार नंबर लागते आज!" आतमध्ये ईश्वरदास घामाघूम. खिशात तीन नंबर, हातात चार. चार लावला त पोट्टे वापस, तीन लावला त बहीण वाडीतच.

तेवढ्यात माय आरतीचं ताट घेऊन आली. नंदी ओवाळले अन् ईश्वरदासच्या हातातली फ्लॉपी घेतली.

"जवाईबापूनं आणलेली चीज, पूजेबिगर लावून राहिला? लाज नाही वाटत?"

पाटावर ठेवली. हळद वाहिली. मधल्या खिडकीतून चकती दिसे, तिथं नेमकं चिमूटभर कुंकू भरलं, अक्षता कोंबल्या, वरून पाणी शिंपडलं. ईश्वरदासनं खिशातला तीन नंबर चाचपून पाहिला.

चंपतराव नुसते फुलून गेले. साऱ्या गल्लीसमोर त्यायच्या फ्लॉपीची पूजा! "माय, आता हे देवाजवळच राहू द्या," ते डोळे पुसत म्हणाले. "साळेसाहेब, आज जुन्यावरच भागवा. पोट्टे थांबले आहेत."

मग मोटर अशी पळाली का विचारू नका! चंपतरावही रांगेत घुसले, तर एका पोट्टीनं हटकलं, "तुमचा नंदी कुठं आहे?" तिचाच नंदी मागून घेतला, तेव्हा डाव भेटला.

कुसुमावती महालक्ष्म्यायले आली, तेही चंपतरावनं स्वतः आणून सोडली. तेव्हा ईश्वरदासनं मायले विचारलं, "तुले मालूम होतं का वं, कुंकवानं फ्लॉपी खराब होते?"

"मले काय समजते बाप्पा?" माय देव पुसता पुसता म्हणाली. "आजवर डास मारले. जवाईबापूचा होता, म्हणून पूजा करून मारला."