हक्कसोडीच्या दिवशीची टीप

माझा धाकटा भाऊ टीप देत नाही. जन्मात कधी दिली नाही. "पगार मालकानं द्यायचा, मी कशापायी?" हे त्याचं ठरलेलं. वेटर बडीशेप घेऊन आला की हा छताकडं बघणार. मी लाजून पर्समधून वीस-तीस रुपये काढले की वर मलाच बोलणार, "सक्ती हाय का ताई? मग? कशाला लोकांना सवयी लावतीस?" सक्ती नाही, हे मला काय कळत नाही? पण आपल्याला वाढणाऱ्या माणसाकडं बघून मनाला काही वाटायला नको? यावरून आमची शंभरदा तरी जुंपली असेल.

तर त्या दिवशी हा मला न्यायला सकाळीच सूसला माझ्या घरी आला. घोटावड्यातल्या वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा त्याच्या नावे सोडायचा होता. पौडला जाऊन हक्कसोडीच्या कागदावर सही, एवढंच काम. आमच्याकडं बहिणी सोडतातच. न सोडणारीला माहेर उरत नाही. वाटेत म्हणाला, "आदी जेवू." भर दुपारी मटणाची थाळी. "ताईला रस्सा आणा, ताईला अजून एक भाकरी," असा नुसता धोशा. माझ्यासाठी साडीसुद्धा आणली होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

बिल आलं. त्यानं पैसे ठेवले आणि वर पाचशेची आणखी एक कोरी नोट ठेवली.

"अरे, ही जास्तीची."

"राहू दे. टीप हाय."

आज सूर्य कुठं उगवला, असं म्हणून चिडवणार होते, तर तो माझ्याकडं बघतच नव्हता. कागदांची फाईल माझ्या हातात देऊन तो गाडी काढायला गेला. मला कसली तरी भीती वाटायला लागली.

वेटर माझ्याच वयाचा, इकडचाच कुणीतरी. नोट उचलताना त्यानं साडीची पिशवी बघितली, मग फाईल बघितली.

"ताई, सही झाली का व्हायचीय?"

मी दचकलेच. "तुम्हाला काय करायचंय?"

"रागावू नका. हितं लई येत्यात अशी भावंडं, पौडला जाताना. सहीच्या आदी भाऊ टीप लई ठेवत्यात."

"आणि सही झाल्यावर?"

"सही झाल्यावर बहिणीला घेऊन कुणी येतच न्हाई."

बाहेर हॉर्न वाजला. पण भावाला सांगणार काय? तू टीप दिलीस, म्हणून मी सही करत नाही? गावभर हसं झालं असतं. मी मुकाट्यानं उठले.

कचेरीत अंगठा घेतला, फोटो काढला. "स्वखुशीनं सोडताय ना?" कारकुनानं मला विचारलं. "व्हय, व्हय," भावानंच सांगितलं. मी सही केली.

बाहेर आल्यावर त्यानं फाईल माझ्याकडून काढून घेतली आणि गाडीत बसला. मी दार उघडायला गेले, तर ते आतून लावलेलं. त्यानं काच थोडी खाली केली.

"तुला हितनं वडापची जीप मिळंल, ताई. सूस मला वाकडं पडतं."