सहासष्ट रकाने

माझे बाबा, शांताराम ठोंबरे, भोपाळजवळ मंडीदीपच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. दर तासाला मीटर बघायचा आणि आकडा तक्त्यात लिहायचा, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. असल्या माणसाला रिटायर करू नये. आठव्या दिवशी त्यांनी फ्रिजचं तापमान वहीत लिहायला घेतलं, तेव्हा आई म्हणाली, "अहो, भाजीला तरी सुखानं झोपू द्या."

पुढे आईच्या दम्यानं त्यांना काम मिळवून दिलं. भोपाळ म्हटलं की माझे पुण्याचे मित्र चेहरा पाडून गॅसचं विचारतात. आम्ही नागपूरहून इथे आलो ते एकोणनव्वद साली, आणि आईचा दमा साधा, कुठल्याही गावात होतो तसा होता. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की हवा खराब असेल त्या दिवशी सकाळी बाहेर पडू नका. बाबांनी ते हुकूम म्हणून घेतलं.

सरकारी केंद्रं हवा मोजतात आणि दर तासाचा आकडा वेबसाइटवर येतो. नाव नोंदवलं की एक किल्ली, म्हणजे पासवर्डसारखा संकेत, फुकट मिळते. ती दाखवून आपला प्रोग्राम तोच आकडा आपोआप मागवू शकतो. मी पुण्यात याच धंद्यात आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांना आकडा फाइलमध्ये उतरवून त्यांच्या मोबाइलवर पाठवणारा पंचवीस ओळींचा प्रोग्राम लिहून दिला आणि कुठली ओळ काय करते तेही शिकवलं. ते मन लावून शिकले. जरा जास्तच शिकले.

तेव्हापासून आई सकाळी सात वाजता चपला घालून दारात उभी राहायची आणि बाबा मोबाइल बघायचे. आकडा शंभराच्या आत असला की "जा", वर असला की "आज नको". बाहेर जाणं म्हणजे आमच्या सोनागिरी कॉलनीतल्या बागेच्या चार फेऱ्या आणि शेजारच्या प्रमिलाकाकूंबरोबर बाकावर अर्धा तास. घरात आई ऐकून घ्यायची, बोलायची ती त्या बाकावर. "तुझ्या आकड्यापेक्षा सासू बरी होती," मला फोनवर म्हणायची, "निदान दुपारी झोपायची."

चार हिवाळे हे असं निभावलं. पाचव्या हिवाळ्यात, जानेवारीच्या सतरा, अठरा आणि एकोणीस तारखेला आई सलग तीन दिवस फिरायला गेली. एकोणीसच्या रात्री तिचा श्वास चढला. दवाखान्यात अकरा दिवस काढून ती गेली.

मला रडू आलं नाही. बाबांनाही नाही. आलेल्या लोकांना आम्ही चहा विचारत होतो. तेराव्याचं जेवण चांगलं झालं असं सगळे म्हणाले, आणि मलाही ते चांगलं लागलं. बाबांचा प्रोग्राम चालूच राहिला. सात वाजता ते आकडा बघायचे, पण कोणाला काही म्हणायचे नाहीत.

या नोव्हेंबरात मी घरी आले तेव्हा प्रमिलाकाकू दारातच भेटल्या. "अगं सायली, तो मैदानात कचरा जाळतात ना रोज, त्याची अर्जी द्यायची आहे कलेक्टरकडे. तुझ्या बाबांजवळ पाच सालचे आकडे आहेत म्हणे. जरा साफसूफ करून दे ना."

मी बाबांच्या संगणकावर फाइल उघडली. बाबा समोर मटार सोलत बसले होते. मी जानेवारीशी आले आणि थांबले. सोळा तारखेच्या दुपारी चार वाजता आकडा चौऱ्याऐंशी. पाचला चौऱ्याऐंशी. रात्री दहाला, पहाटे चारला, सकाळी सातला चौऱ्याऐंशी. एकोणीसच्या सकाळी दहापर्यंत तेच, आणि अकराला एकदम तीनशे बारा. हवा अशी पावणेतीन दिवस पुतळ्यासारखी उभी राहत नाही.

प्रोग्राम उघडून बघितला. त्यात मी न लिहिलेली एक ओळ होती आणि तिच्यावर बाबांनी नीट मराठीत टीप लिहिली होती: आकडा न आल्यास मागील आकडा लिहावा. बॉयलरवरचा धडा होता तो. रकाना रिकामा ठेवून पाळी सोडायची नाही. मीटर अडकला तर मागच्या तासाचा आकडा उतरवायचा, कारण बॉयलर तासाभरात फारसा बदलत नाही. केंद्र बंद होतं. वेबसाइट दर तासाला 'उपलब्ध नाही' सांगत होती आणि बाबांचा प्रोग्राम इमानदारीनं चौऱ्याऐंशी लिहीत होता.

मला काय वाटलं ते सांगते. काहीच वाटलं नाही. गुपचूप ते रकाने रिकामे करून फाइल काकूंना देता आली असती. पण बाबा एकेक पान तपासल्याशिवाय काही घराबाहेर जाऊ देत नाहीत. त्यांना ते एकट्यानं सापडू नये एवढंच माझ्या मनात होतं.

"बाबा, जानेवारीतले काही आकडे केंद्राकडून आलेलेच नाहीत. तुमच्या त्या ओळीनं भरलेत."

"किती?"

"सहासष्ट."

त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या खांद्यावरून वाकून तारखा वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. सोललेले मटार त्यांच्या मुठीत होते.

"खरा आकडा किती होता?"

"ते आता कळणार नाही, बाबा. केंद्रच बंद होतं."

ते खुर्चीत बसले. कुकरची शिट्टी झाली, तरी दोघंही उठलो नाही.

"अठरा तारखेला ती फिरून आली," ते म्हणाले, "आणि दारातच म्हणाली, अहो, आज फार धूर आहे, उद्या नाही जात मी. मी तिला मोबाइल दाखवला. म्हटलं, तुला उगाच वाटतंय, चौऱ्याऐंशी आहे, जा."