नावाडी काही बुडेना

माणसं ओळखायची असतील तर नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत बसून उपयोग नाही. मी एकोणीस वर्षं बसलोय, अनुभवानं सांगतो. खिडकीपाशी सगळेच सभ्य असतात. खरं काय ते बाहेर पडायच्या दारात कळतं, आणि त्या दारात आमची डोअरकीपर उभी असते, सगळ्या नाट्यगृहाची ताई. हातात बॅटरी, खांद्यानं सारलेला पडदा. प्रेक्षक डोअरकीपरला माणूस समजत नाहीत, पडद्याचाच तुकडा समजतात. त्यामुळे जे नाटकवाल्याच्या तोंडावर बोलायची छाती होणार नाही, ते तिच्या कानाशी बोलून मोकळे होतात.

ताई जन्माची फटकळ. उशिरा येणाऱ्या एका डॉक्टरला तिनं भर अंधारात सुनावलं होतं, "वाट बघतात ते पेशंट. नाटक नाही." कुणी वेफर्सची पिशवी कुरकुर वाजवली, की ती पिशवी जप्त करते आणि मध्यंतरात परत देते, जरा हलकी झालेली. अशा या बाईची जीभ जगात एकाच माणसापुढे लुळी पडते. तिचा धाकटा भाऊ.

भाऊ चष्म्याच्या काचा घासतो. दुकानाच्या मागच्या खोलीत दुसऱ्यांचे नंबर घासता घासता त्यानं बारा वर्षं खपून एक गाण्यांचं नाटक लिहिलं. चौदा गाणी. एका सोफेवाल्यानं ते रंगमंचावर आणलं. का आणलं, देव जाणे. नाटकात नदी होती, नाव होती, सोफा एकही नव्हता. शेवटच्या अंकात नावाडी बुडतो आणि बुडता बुडता गातो. तीन कडवी.

पहिल्याच प्रयोगाला एक गृहस्थ दारातून जाताना म्हणाले, "बुड रे बाबा एकदाचा!" पाठोपाठ भाऊ वही घेऊन धापा टाकत आला. "ताई, काय म्हणत होते लोक?"

ताई म्हणाली, "शेवटच्या गाण्याला अगदी राहवत नव्हतं रे त्यांना."

भावानं चौथं कडवं लिहिलं.

पुढच्या खेपेला एक बाई म्हणाली, छान डुलकी झाली. ताईनं देवाशपथ म्हणून पोचवलं, "बायका डोळे मिटून ऐकतात." पाचवं कडवं, वर आलाप. नवव्या प्रयोगापर्यंत नावाडी अकरा मिनिटं बुडायला लागला, तेही कमरेइतक्या निळ्या कापडात. नटाचा घसा बसला, प्रेक्षक उठले. मी ताईला म्हणालो, "अहो, तुम्ही त्या माणसाला सुखानं मरूही देत नाही!"

"तू तुझी खिडकी सांभाळ," ती खेकसली. मग हळूच म्हणाली, "बारा वर्षं लिहिलंय रे त्यानं. एका वाक्यात कसं मोडू?"

शेवटी सोफेवाल्यानंच तंबी दिली. रविवारी दुपारच्या प्रयोगाला लोक शेवटपर्यंत बसले नाहीत, तर नाटक बंद. आता ताईला गोड बोलून चालणार नव्हतं. गुरुवारी तिनं माझ्यादेखत भावाला दारातल्या आपल्या स्टुलावर बसवलं आणि सगळं ओकून टाकलं. बुड रे बाबापासून डुलकीपर्यंत, ज्याचं त्याच्या आवाजात. भावाचा चेहरा पांढरा पडला. तरी तो एकेका गाण्याचं नाव घेत विचारत गेला आणि ती सांगत गेली.

"आणि आईचं गाणं?"

हे चार ओळींचं गाणं नावाड्याची आई काठावर उभी राहून म्हणायची. यांची स्वतःची आई गेली, त्या आठवड्यात भावानं ते लिहिलं होतं. ताईनं खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं. ती म्हणाली, "त्याच्याबद्दल कुणी कधी काहीच म्हणालं नाही."

हे अगदी खरं होतं. त्या गाण्याला आत कुणी खोकतसुद्धा नसे, पण ही गोष्ट सांगण्यासारखी आहे हे त्या वेळी मलाही सुचलं नाही. मीही गाढवच.

भावानं सहा गाणी उडवली. नावाड्याला एका कडव्यात बुडवला. सगळ्यांत आधी उडवलं ते आईचं गाणं.

रविवारी चमत्कार झाला. लोक हसायच्या जागी हसले, शेवटपर्यंत बसले, टाळ्या वाजवत उठले. खिडकी बंद करून मी दारापाशी आलो, तर सोफेवाल्यानं मला मिठीच मारली. बहुधा दुसराच कुणी समजून. तेवढ्यात तपकिरी स्वेटरमधले एक म्हातारे ताईपाशी थांबले.

"ते आईचं गाणं का काढलं हो? त्याच्यासाठी तिसऱ्यांदा आलो मी. मागे दोन्ही वेळा इथून जाताना तोंडातून शब्द फुटला नव्हता."

मागच्या दोघी बायका म्हणाल्या, "हो ना, आम्हीही वाट बघत होतो."

सभागृह रिकामं व्हायच्या आत ताईनं दार सोडलेलं मी प्रथमच पाहिलं. ती धावत रंगमंचावर गेली, मी तिच्या मागे. भाऊ नदीची घडी घालत होता. तिनं म्हाताऱ्यांचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. भावानं तिच्याकडे फार मायेनं पाहिलं.

"पुरे, ताई. तू खरं बोललीस म्हणून नाटक वाचलं. आता परत सुरू करू नकोस."

"अरे, देवाशपथ सांगते!"

"डोळे मिटून ऐकणाऱ्या बायकांच्या वेळीही शपथच घेतली होतीस."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "तू सांग ना याला! तूही ऐकलंस!" मी सांगितलं. गळ्याला हात लावून सांगितलं. भाऊ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुम्ही दोघंही फार चांगली माणसं आहात," आणि म्हातारे गाठायला मी बाहेर पळेपर्यंत ते निघून गेले होते.

परत आलो तर ताई नाटकातल्या त्या नावेच्या काठावर बसून ओक्साबोक्शी रडत होती. भाऊ तिचे डोळे पुसत होता. त्याला वाटलं, नाटक चाललं म्हणून रडतेय.