पाहुणे पावसाळ्यातच बोलवायचे

आमच्या गल्लीत मुलगी दाखवायची ती पावसाळ्यात. कारण सरळ होतं. दिवाळीनंतर नांदेडची हवा जड व्हायची. गिरणीचं धुराडं, सरकीची टरफलं जाळणाऱ्या तेलगिरण्या, नदीकाठच्या वीटभट्ट्या, आणि वरून थंडी. सकाळी गोदावरीच्या पात्रावर बसलेला धूर ऊन चढेपर्यंत हलायचा नाही. होळीपर्यंत घराघरांत खोकला, आणि परगावच्या माणसाला तो क्षयाचा वाटायचा. पाऊस पडला की भट्ट्या बंद, हवा स्वच्छ, गल्लीतल्या सगळ्या मुली निरोगी.

लातूर नवा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. तिथं कचेऱ्या निघाल्या, त्यापाठोपाठ नोकरीवाली मुलं निघाली. त्यांतलंच एक स्थळ अक्काला, माझ्या मोठ्या बहिणीला, सांगून आलं. तिचं वय वाढत होतं. याहून चांगलं स्थळ आता येणार नाही, असं आईचं मत. पाहुण्यांना श्रावणातली तारीख दिली.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. भट्ट्या बंद करायचं कारण उरलं नाही. उलट गावोगावची माणसं काम मागत आली, तशा आणखी भट्ट्या लागल्या. नदीची वाळू उघडी पडून वाऱ्याबरोबर घरात येऊ लागली. अक्का भर श्रावणात माघातल्यासारखी खोकत होती.

तारीख बदलली तर स्थळ जाणार, म्हणून तयारी मी हातात घेतली. फोडणीचा ठसका नको, पोहे रद्द, त्याऐवजी शिरा. रस्त्याकडची खिडकी बंद, फटींना चिंध्या. अक्काच्या गालात ज्येष्ठमधाची काडी. ज्याला खोकायचं त्यानं आधीच मागच्या दारी जाऊन खोकून यायचं.

पाहुणे जीपनं आले. मुलगा, त्याची आई आणि काका. मुलाची आई भिंतीला टेकून बसली.

"आमाला घाई न्हाई," ती म्हणाली. मग खिडकीकडं बघून, "घर लई कोंदट हाय तुमचं. उघडा की."

"धूळ येते हो," आई म्हणाली.

"येऊ द्या. धूळ कुठं न्हाई?"

मी खिडकी उघडली. शिरा संपला, चहा झाला, तरी कुणी उठेना. ते कशाची वाट बघत होते हे सगळ्यांना कळत होतं. मुलगा स्वतः दोनदा जोरात खोकला. त्याच्या आईनं त्याला पाणी दिलं आणि प्रवासाचं निमित्त सांगितलं. अक्का मांडीवर मुठी आवळून बसली होती.

"डोळ्यात पाणी का ग आलं?" मुलाच्या आईनं विचारलं.

"भीतीनं," मी म्हणाले.

"आत्तापास्नं?" काका हसले.

शेवटी ते उठले. आम्ही त्यांना पोचवायला गल्लीत आलो, आणि घरातून अक्काचा कोंडलेला खोकला ऐकू आला. थांबेचना.

"शेजारी आजारी हाय कुणीतरी," आई म्हणाली.

शेजारच्या काकू ओट्यावर ज्वारी निवडत बसल्या होत्या. परक्यांसमोर दुसऱ्याच्या घरातला खोकला ओळखायचा नाही, हे गल्लीत न बोलता ठरलेलं होतं. पण आदल्या वर्षी काकूंकडं पाहुणे बसलेले असताना आईनं मुद्दाम जाऊन विचारलं होतं, पोरीचा खोकला थांबला का म्हणून.

काकूंनी सूप खाली ठेवलं. "आमच्याकडं कोण खोकून राहिलंय? मी एकटी हाय घरात. तुमच्या थोरलीचाच आवाज हाय की ह्यो."

जीप गेली. दोन्हीकडून बोलणी करणाऱ्या मामांनी निरोप आणला. "मुलगी चांगली हाय म्हणतात. पण दवाखाना घरात कशाला आणायचा, म्हणतात."

बाबांनी अक्काच्या छातीचा एक्सरे काढून आणला. छाती साफ होती. पुढच्या वर्षी पाऊस झाला, भट्ट्या विझल्या, अक्का एकदाही खोकली नाही. पण तोवर बोभाटा नात्यागोत्यात पोचला होता. आलेले पाहुणे आधी एक्सरेची प्लेट मागायचे. बाबा ती खिडकीच्या उजेडात धरायचे, मग ती हातोहात फिरायची.

"हे काळं काय?" एका बाईनं विचारलं.

"ती हवा."

"आन् पांढरं?"

"बरगड्या."

"मंग बारीकच हाय पोरगी," बाई म्हणाली. अक्का चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती.

त्यानंतरचे पाहुणे आले तेव्हा मी साडी घेऊन आत गेले. अक्का घरच्याच कपड्यांत खाटेवर बसलेली.

"प्लेट दिली त्यांना?"

"दिली."

"मग झालं की. माझं बघायचं काय राहिलं?"

आईनं हात धरून ओढलं, शिव्या दिल्या. ती उठली नाही. बाहेर पाहुण्यांनी प्लेट उलटसुलट करून पाहिली, चहा घेतला आणि चपला घातल्या. मुलगी दाखवा, असं कुणी म्हटलंच नाही.