पंचवीस तारखेचा हात

वैशाखातल्या दुपारी राबाचा धूर नाकात शिरला की मला नाताळ आठवतो. हसू नका. नाताळ म्हटलं की लोकांना थंडी आठवते, कागदी तारे आठवतात, तळणीतल्या करंज्यांचा वास आठवतो. मला मात्र शेण, वाळक्या पानांचा पातेरा आणि सुकलेल्या फांद्या जळतानाचा हा कडवट, खोकला आणणारा वास आठवतो. आमच्या मुरबाड-शहापूरच्या बाजूला भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. खाली शेण, त्यावर छाटलेल्या फांद्या, त्यावर पातेरा आणि सगळ्यात वर पिठासारखी बारीक माती. ज्वाळा उठू द्यायची नाही. आत धुमसत राहिला पाहिजे. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, इथे काही पेटलेलंच नाही!

माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा, शमुवेलदादाचा, अबोला असाच धुमसला. एक नाही, दोन नाही, अकरा वर्षं.

मी चौथी शिकलेला माणूस. पण आमच्या सहा ख्रिस्ती घरांच्या प्रार्थनाघरात जन्मभर बसून बसून देहधारण, कृपा, तारण, क्षमा असले जड शब्द माझ्याही तोंडात रुळले. तोंडातच रुळले, त्यापुढे गेले नाहीत. शब्द गोड असतात हो, चघळायला काय जातं?

भांडण एका झाडावरून झालं. आमच्या दोघांच्या शेतांमधल्या बांधावर एक ऐन उभा आहे. एका वर्षी मी राबासाठी त्याच्या फांद्या तोडल्या. दादा म्हणाला, झाड माझं. मी म्हणालो, बांध दोघांचा. त्याने चार माणसांत मला चोर म्हटलं; मी कोयता जमिनीत रोवला आणि म्हणालो, आजपासून तू मला मेलास. झालं! त्यानंतर त्या ऐनाला दोघांपैकी कुणी हात लावला नाही. फांद्यांचे भारे आणायला मी डोंगरापर्यंत तंगड्या तोडत जायचो, तोही जायचा. वाटेत समोरासमोर आलो की एक जण खाली बघायचा, दुसरा वर. आणि शेताच्या तोंडाशी असलेलं झाड मजेत वाढत होतं. आमच्या हट्टाने भलं झालं ते त्या एका झाडाचं.

वर्षातून एक दिवस मात्र आमचा तह असायचा. नाताळाची उपासना संपली की सगळ्यांनी सगळ्यांचा हात हातात घेऊन शुभ नाताळ म्हणायचं, अशी आमची रीत. कल्याणहून आलेले पाळकसाहेब समोरच उभे, मग चुकवणार कसं? मी दोन बोटं पुढे करायचो, दादा ती दोन बोटांनी धरायचा, आणि 'शुभ नाताळ' दोघेही भिंतीला म्हणायचो. आमचा पेटी वाजवणारा याकोब मोठा वात्रट. तो ओरडायचा, "आला रे आला, पंचवीस तारखेचा हात आला! बघून घ्या, आता पुढल्या वर्सालाच!" लोक हसायचे. मीही हसायचो. सव्वीसला पुन्हा एक जण खाली, दुसरा वर.

एक माणूस हसायचं नाही. माझी बायको, एस्तेर. ती डोळखांबकडची, डोंगरातली. बोलायची कमी आणि बोलली की लागायचं. एका नाताळाला घरी परतताना मला म्हणाली, "तुमचा येशू पाव्हणा हाय. एक दिस गोडधोड खातो नि जातो."

मी म्हणालो, "सणाच्या दिवशी तरी नीट बोल गो."

"नीटच बोलते. पाव्हणा म्हनून आला असता तर सोपं होतं. तो र्‍हायला आला. र्‍हायला आलेल्याला रोज सांभाळावं लागतं."

मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. आज वाटतं, पाळकसाहेबांची इतकी वर्षांची प्रवचनं एका पारड्यात ठेवली तरी हे बोलणं जड भरेल. देव माणसात जन्माला आला, हे आपण केवढ्या थाटात गातो! पण जन्माला आलेलं लेकरू दुसऱ्या दिवशी रडतं, तिसऱ्या दिवशी आजारी पडतं, त्याला भूक लागते, त्याच्यापायी जागावं लागतं, हे गाण्यात कुठे येतं? आणि डिसेंबरात चांगलं वागायला लागतं काय? भात झोडून घरात आलेला असतो, विहिरीला पाणी असतं, हवेत गारवा असतो. माणूस पोटभर जेवलेला असला की त्याचं मनही मोठं होतं. खरी परीक्षा वैशाखात. कणगी तळाला गेलेली, विहिरीच्या तळाशी गढूळ घागरभर पाणी, अंगाची काहिली; त्या दिवसांत शेजाऱ्यावर प्रेम करून दाखवावं!

एस्तेर दाखवत होती. दादाची बायको वारली, मुलगा बायको-पोरं घेऊन उल्हासनगरला गेला, म्हातारा एकटा उरला. त्या दिवसापासून ही रोज दुपारी वाटीत कालवण घ्यायची, पदराखाली झाकायची आणि त्याच्या ओटीवर ठेवून यायची. सात वर्षं. मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं. एकदाच मी तोंड उघडलं. म्हणालो, "माझ्या घरचं गिळतो नि माझ्याशी बोलत नाय."

ती म्हणाली, "तुमच्या घरचं? रांधते मी. तुमाला घरात मीठ कुठं असतं ते तरी म्हाईत हाय का?"

नव्हतं माहीत. भाद्रपदात ती गेली, तेव्हा शोधलं. तीन दिवस ताप आला, चौथ्या दिवशी जीपमधून मुरबाडला नेताना माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेली. त्या दुःखाबद्दल मी जास्त लिहिणार नाही. ज्याचं गेलं असेल त्याला सांगायला नको, आणि ज्याचं गेलं नसेल त्याला सांगून कळायचं नाही.

पण एक सांगितलंच पाहिजे, कारण ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो. दफनाच्या वेळी एकेक जण पुढे होऊन मूठमाती देत होता. दादाही पुढे आला. वाकला, ओली माती मुठीत घेतली. आणि मी त्याचं मनगट धरलं. सगळ्या गावादेखत म्हणालो, "तुझा हात नको लावू तिला." का म्हणालो? मला वाटलं, तिने जन्मभर याला खाऊ घातलं आणि हा जन्मभर माझ्याशी आकसाने वागला. आता फुकटात दुःख करतो का?  दादाने मूठ उघडली, माती खाली पडू दिली, हात धोतराला पुसला आणि मागे जाऊन उभा राहिला. शेवटचं गाणं होईपर्यंत तिथेच होता. पाळकसाहेब पुस्तकात बघत होते.

मग तो नाताळ आला. नवं सहस्रक येणार म्हणून त्या वर्षी सगळीकडे नुसती धामधूम. प्रार्थनाघरावर विजेचा तारा लागला. उपासना संपली आणि दादाने नेहमीसारखा हात पुढे केला. तोच हात, ज्याचं मनगट मी धरलं होतं. याकोबसुद्धा या वेळी ओरडला नाही. मी दोन बोटं पुढे केली, भिंतीला शुभ नाताळ म्हटलं आणि घरी आलो. ताटात शेजारणींनी आणून दिलेल्या करंज्या होत्या. त्या तशाच झाकून ठेवल्या. इतका खोटा हात मी आयुष्यात कुणाला दिला नव्हता.

तुम्ही म्हणाल, मग त्याच दिवशी का नाही गेलास त्याच्या पायाशी? नाही गेलो. माणसाला चूक कळते त्या दिवसात आणि ती कबूल करतो त्या दिवसात किती मोठं माळरान असतं! जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. रोज दुपारी, एस्तेरची वाटी न्यायची वेळ झाली की मी दाराशी जाऊन उभा राहायचो. समोर दादाचं कौलारू घर दिसायचं. कधी चुलीचा धूर दिसायचा, कधी दिसायचा नाही. मी आत येऊन आडवा व्हायचो. फार थकवा यायचा. कशाचा, ते कळायचं नाही. काम तर मी काहीच करत नव्हतो.

वैशाख लागला. चहूकडून राबांचा धूर यायला लागला, तशातच एका सकाळी विहिरीवर शेजारची पार्वती भेटली. ती कुणबीण, जिभेला हाड नसलेली. घागर भरता भरता म्हणाली, "दानिएलकाका, तुमचा भाऊस तीन दिस झाले नुसता भात नि मीठ खातोय. हात कापतात त्याचे, विळीवर कांदासुदिक चिरवत नाय."

मी पोहरा विहिरीत सोडला.

"मी नेऊन दिलं आसतं, पन आज आमीच कोरडं खातोय. एस्तेरबाय असती तर ही वेळ येती का?" घागर कमरेवर घेतली आणि जाता जाता म्हणाली, "तुमचा तो सण आता कधी, डिसेंबरात ना? तवर टिकंल का म्हातारा?"

 घरी आलो. सुके बोंबील भिजवले, कांदा चिरला, कालवण केलं. तिचीच वाटी घेतली. झाकायला माझ्याकडे पदर नव्हता, वर्तमानपत्राचा कागद घातला. भर दुपारी, पाय पोळत, ते शंभर पावलांचं अंतर चालून गेलो. अकरा वर्षांनी.

दादा ओटीवर दोर वळत बसला होता. मला पाहून हात थांबला. म्हणाला, "कोन मेलं?"

"कोन नाय. जेव."

"इख घातलंस काय?"

"तेवढं चांगलं रांधता येत नाय मला."

त्याने आतून भात आणला आणि कालवून खाऊ लागला. हात खरंच कापत होता. घास तोंडापर्यंत जाता जाता अर्धा सांडायचा. मी दुसरीकडे बघत राहिलो. शेवटी म्हणाला, "खारट हाय."

"हाय."

"एस्तेरनं काय शिकवलं नाय वाटतं तुला?"

"ती शिकवीत होती. मी शिकलो नाय."

त्याने हात धुतला. मी मनात घोकून ठेवलेलं बोलून टाकलं, "दादा, चल. तिच्याकडे जाऊ. त्या दिशी मी तुला माती देऊ नाय दिली. आज दे."

 तो हसला, दात नसलेल्या तोंडाने. "माती? ती मी कवाच दिली. दुसऱ्या दिशी, उजाडता उजाडता."

"कुनाला इचारून?"

"तुला कशाला इचारू रे दान्या? सात वर्सं ती माझ्या ओटीवर कालवण ठेवत होती, ते तुला इचारून?"

 तिच्या कबरेवर गुरं फिरू नयेत म्हणून कुणीतरी करवंदीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण केलं होतं. याकोबनेच केलं समजून मी त्याला दुवा देत होतो. केवढं मोठं मन करून, केवढी क्षमा पदरात बांधून मी आलो होतो! आणि जे मी उदारपणे द्यायला निघालो होतो, ते माझ्या हातात कधी नव्हतंच. तो हक्क मी कुणाला देणारा कोण, नाकारणारा तरी कोण? उरलं होतं ते एवढंसं, आणि तेच सगळ्यात अवघड.

म्हणालो, "मनगट धरलं ते चुकलं माझं."

"चुकलंच," दादा म्हणाला. असू दे म्हणाला नाही, विसरून जा म्हणाला नाही. पुन्हा दोर हातात घेतला, पायाच्या अंगठ्यात अडकवला. बराच वेळ वळत बसला. मी उठलो तेव्हा मान वर न करता म्हणाला, "उद्या मीठ कमी टाक."

याला आता चार वर्षं होतील. कुणाला वाटेल, त्या दुपारनंतर दोघे म्हातारे गळ्यात गळे घालून बसले असतील. छे! आम्ही भांडतो. ऐन कुणाचा हे अजून ठरलेलं नाही, आणि आता ठरवायला दोघांत ताकद नाही. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडतो. मी ओरडतो, म्हणून तो चिडतो. एस्तेर परत आली नाही, घर भरलं नाही, माझ्या डोक्याभोवती उजेड पडला नाही. क्षमा म्हणजे एकदा हात धुतला की संपलं, असं मी समजत होतो. ती तर भाकरीसारखी निघाली, कालची आज शिळी होते. मग एस्तेर ती सात वर्षं रोज कशी थापत होती? तिला कधी कंटाळा आला नसेल? आला असेलच. तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

काल तो मला मूर्ख म्हणाला, तेही पार्वतीच्या देखत. आज माझा गुडघा सुजलाय, अंगात कसर आहे, आणि जाऊच नये असं सकाळपासून फार वाटतंय. बोंबील भिजत घातलेत.