डांबराची अक्षरं

"भित कोनाच्या बापाची नसते गा. ज्याचा हात चालते, त्याची असते." हे नत्थू पेंटरचं बोलणं. चहाच्या टपरीवर म्हणायचा, शिडीवरून म्हणायचा, घरमालकानं हटकलं तर त्याच्या तोंडावर म्हणायचा आणि हसायचा. त्याची बायको जयवंता हे इतक्या वेळा ऐकून होती की भाकरी थापता थापता तिच्याही ओठांवर तेच यायचं.

नत्थू उमरेडच्या विणकराचा पोरगा. घरचा माग थांबला तसा नागपूरला आला आणि भिंती लिहू लागला. दंतमंजनाची जाहिरात, कुस्त्यांची दंगल, मोर्च्याची घोषणा, निवडणुकीचं चिन्ह. जे सांगतील ते. पण विणकराचं रक्त बोटांतून गेलं नव्हतं. ओळ सरळ यावी म्हणून तो निळीत बुडवलेला दोरा भिंतीवर ताणायचा आणि मधोमध चिमटीत धरून सोडायचा. टण्णकन निळी रेघ उमटायची. दोऱ्याचं दुसरं टोक जयवंताच्या हातात असायचं. तिला वाचता येत नव्हतं. तरी महाल भागात असो की गड्डीगोदामात, नवऱ्याची भिंत ती लांबून ओळखायची. त्याची गोल अक्षरं एका अंगाला जराशी कललेली असत, डोक्यावर घागर घेतलेल्या बाईसारखी.

भिंती लिहिणाऱ्यांचा तेव्हा एक कायदा होता. ज्याची अक्षरं, त्यानंच पुसायची. नवं काम आलं की आधीच्याला निरोप जायचा. तो येऊन आपल्या हातानं चुना मारायचा, मगच दुसऱ्याचा ब्रश भिंतीला लागायचा. जो हा कायदा मोडी, त्याला पुन्हा कोणी शिडी देत नसे. आणि हा कायदा भांडूनतंडून बसवला होता तो नत्थूनंच. त्याला त्याचा फार अभिमान.

जयवंताचा धाकटा भाऊ वामन उमरेड रोडवरच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला होता. आई लवकर गेली म्हणून जयवंतानंच त्याला कडेवर वाढवलेला. आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हंगामात रुईची दाबलेली गाठ थप्पीवरून घसरली आणि वामन तिच्याखाली सापडून मेला. मालकाच्या माणसानं सांगितलं, तो कामावर नव्हताच. चोरी करायला आत शिरला होता.

वामनची बायको वच्छला रडायची थांबली ती हे ऐकून. मेलेल्या माणसाला चोर म्हटल्यावर रडायचं तरी कुणापुढं?

नत्थू उठला. रस्त्याच्या कामावरून डब्यात डांबर घेऊन आला. त्याचा जोडीदार भैय्याजी, तोही पेंटरच, म्हणाला, "डांबर नको गा नत्थू. चुन्याखाली दबत नाई थे. उद्या तुलेच पुसा लागलं त काय करशीन?"

"पुसासाठी नाई लिहून राहिलो मी."

भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, जिनच्या लांबलचक भिंतीवर त्यानं दोरा ताणला. जयवंतानं टोक धरलं. माणसाच्या उंचीची तीन अक्षरं, मग आणखी दोन शब्द. वामन कामावर होता. एवढंच.

"यातलं वामन कोनतं जी?" जयवंतानं विचारलं.

नत्थूनं तिचं बोट धरून हवेतूनच त्या तीन अक्षरांवरून फिरवलं. तेव्हापासून तिला जगात एक शब्द वाचता येऊ लागला. बाजाराला जाताना ती वाट वाकडी करून त्या भिंतीवरून जायची. उभी राहायची, वाचायची, पुढं जायची. उमरेडच्या एसटीतले लोक खिडकीतून बघत. कामगार कामावर शिरताना त्या अक्षरांना हात लावून शिरत. मालकाला ते खुपायचं.

मग मधुकरराव आले. ते जिनमधल्या कामगारांचे पुढारी, आणि आता महापालिकेला उभे राहणार होते. त्यांना ती भिंत हवी होती. त्यांनी आधी भैय्याजीला गाठलं, तर तो म्हणाला, "नत्थूची अक्षरं हायेत. त्यानंच पुसाव." दुसऱ्या पेंटरनंही तेच सांगितलं, तिसऱ्यानंही. नत्थूचा कायदा नत्थूच्याच दारात येऊन उभा राहिला.

"पाह्य नत्थू," मधुकरराव बाजेवर टेकत म्हणाले, "मालकासंगं माह्यं बोलणं झालं. वच्छलाले रुई निवडाच्या कामावर घेते म्हन्ते. कायमची. फक्त भित साफ पाह्यजे."

"आन वामन कामावर होता, हे मालक म्हनन का?"

"मेलेला कामावर होता का नोता, यानं जितीचं पोट भरते काय बे?"

"मालक चोर म्हन्ते त्याले, भाऊ."

"भित पुसली का कोनी काहीच म्हनत नाई. लोक इसरतात."

जयवंता चुलीशी बसून म्हणाली, "नाई पुसाचं." कुणाकडं न बघता म्हणाली.

वच्छला दाराशी उभी होती. ती हळूच आत आली. "बाई, तुमाले भाऊ वाचाले भेटते रोज," ती म्हणाली. "मी काय वाचू? मले कामाले जा लागते."

जयवंतानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. नत्थूनं रात्रीच चुना भिजत घातला.

सकाळी तो चुन्याची बादली घेऊन गेला. एक हात मारला. ऊन चढलं तसा चुना वाळला आणि पांढऱ्यावर पिवळट-तपकिरी वामन वर आला. पुन्हा हात मारला. पुन्हा वर आला. फाटकाशी बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या.

मधुकरराव तडकले. "नाटक करून राहिला का बे? भित साफ नाई त तुह्या वच्छलाचं कामबी नाई, सांगून ठेवतो!"

नत्थूनं छिन्नी आणली. डांबर जिथं जिथं शिरलं होतं तिथला गिलावा तो ठोकून ठोकून काढू लागला. स्वतःच्याच हाताची वळणं, कललेली, भरदार. त्याच वळणांवरून छिन्नी फिरवली. आता नाव काळं नव्हतं, पण विटांच्या लाल खड्ड्यांतून वाचता येत होतं. मग त्यानं आजूबाजूचाही गिलावा पाडला. जिथं काही लिहिलंच नव्हतं तोही पाडला. तेव्हा कुठं वामन गेला.

नवा गिलावा झाला, वाळला, चुना झाला. नत्थू दोरा घेऊन उभा राहिला. जयवंता आली होती, बोलावलं नव्हतं तरी.

"धर वं," तो दोऱ्याचं टोक पुढं करून म्हणाला.

तिनं हात पदराखालून काढले नाहीत.

त्यानं भिंतीत खिळा ठोकला, टोक त्याला बांधलं, दोरा ताणला. टण्णकन रेघ उमटली. मधुकररावांचं नाव त्यानं इतकं देखणं लिहिलं की भैय्याजीनं बघून मान खाली घातली. ओळीत कुठं कसर नव्हती. फक्त अक्षरं कललेली नव्हती. ताठ होती, छापल्यासारखी.

त्याच वेळी भोंगा झाला. वच्छला डोक्यावरून पदर ओढून इतर बायांबरोबर फाटकात शिरली. भिंतीकडं तिनं बघितलं नाही. कोणी हात लावला नाही. लावायला काही नव्हतंच.

फाटकावरचा चौकीदार बिडी शिलगावत हसला. "काहून नत्थूभाऊ, भित कोनाच्या बापाची म्हन्ता आता?"

नत्थूनं ब्रश चुन्याच्या बादलीत टाकला, न धुता, रंगासकट. असा ब्रश संध्याकाळपर्यंत दगड होतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? शिडी भिंतीला तशीच ठेवली. दोरा खिळ्याला तसाच लोंबत राहिला. आणि तो उमरेडच्या दिशेनं चालू लागला. एसटी मागून आली, त्याच्यासाठी हळू झाली. त्यानं हात केला नाही.

जयवंता तिथंच उभी होती. तिनं भिंतीकडं एकदा बघितलं. तिथं खूप अक्षरं होती, आणि तिला त्यातलं एकही वाचता येत नव्हतं. मग ती रस्त्याकडं बघत राहिली. नवरा लहान होत होत धुळीत मिसळला. तिनं हाक मारली नाही.