रोवण्याच्या ओळीत थांबणं

माझा हात फास्ट होता. फुशारकी म्हणून सांगत नाही, आंधळगावच्या शाळेच्या हॉलमध्ये माझ्यासोबत कराटे शिकलेल्या कोणालाही विचारा. सर एका हातात पॅड धरून मांडीवर थाप मारायचे आणि थापेचा आवाज विरायच्या आत माझा पंच पॅडवर बसलेला असायचा. पोरं म्हणायची, ‘बाप्पा, हिचा हात तं दिसतच नाही!’ आणि एवढं असून मॅटवर मी हरायचे.

अकरावीत विभागीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत बाहेर पडले. समोरची पोरगी नागपूरची होती, स्पीड माझ्या निम्मा. सुरुवातीचे पॉइंट मीच घेतले. मग तिला काय सापडलं देव जाणे, मी पंच मारला की ती जराशी मागे सरकायची, माझा हात हवेत जायचा, आणि तो परत येईपर्यंत तिचा पंच माझ्या पोटावर. मला असा संताप आला की मी आणखी जोरात, आणखी लवकर मारायला लागले. तिला आणखी सोपं गेलं. परतताना मी सरांकडे पाठ करून खिडकीशी बसले. राग माझ्या नाकावरच असतो, आजही.

बसमध्ये सर आपले शांतपणे बोलत राहिले. ‘तुमसर रोडचं रेल्वे फाटक माहीत आहे ना? गाडी कितीही पळवत आण, फाटक बंद असलं तर उभंच राहावं लागते. तू रोज फाटक बंद असताना पोचून राहिली.’

‘मग फाटक उघडं कधी असते ते सांगा ना,’ मी म्हटलं. चूक सरांना दिसत होती, पण कुठून येते ते कळत नव्हतं.

बारावीचं वर्ष शाळेकडून खेळायचं शेवटचं होतं. मला नागपूरला मावशीकडे राहून कॉलेज करायचं होतं, तिथे रोज मॅटवर सराव करायचा होता आणि पुढे पोलीस भरतीत उतरायचं होतं. आईनं एकदाच सांगून टाकलं, ‘यंदा विभागात जिंकली तं बारावी झाली का जाय मावशीकडं. हारली तं इथंच राह्य. सकाळी कॉलेज, मंग बांधी. अन् मंग तोंड फुगवून बसू नको.’ आमच्या घरात आईचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. बाबा तिच्यासमोर मान हलवायचे आणि ट्रॅक्टर घेऊन चिखलणीला निघून जायचे.

त्या वर्षी पाऊस लांबला, त्यामुळे रोवणे, म्हणजे धानाची लावणी, आणि स्पर्धा एकाच वेळी आले. रोवण्यात एक बाई कमी म्हणजे सगळ्या गटाची खोटी. त्यामुळे माझ्या सुट्टीसाठी सर स्वतः आईला भेटायला आले, तेव्हा आम्ही सगळ्या तळ्याखालच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात होतो. ते बूट हातात घेऊन बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर उभे राहिले. आई म्हणाली, ‘थांबा सर, एवढी बांधी उरकू द्या.’

आमचा रोवणा कसा चालतो ते सांगायला पाहिजे. बाया एका ओळीत वाकतात, जिच्या तिच्यासमोर आपापला पट्टा. डाव्या हातात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची जुडी, उजव्या हाताने रोप चिखलात खोचायचं, एक पाऊल मागे, पुन्हा खोचायचं. सगळ्या ओळीचा हात एका ठेक्यात पडतो. जी मागे पडली तिला कोंडतात. म्हणजे दोन्ही बाजूच्या बाया मागे सरकत सरकत तिच्या पट्ट्यातही रोवून टाकतात आणि तिची मागची वाट बंद करतात. चारही बाजूंनी पऱ्हे आणि मधे ती एकटी उभी. मग सगळ्या ओरडतात, ‘कोंडली वो, कोंडली! आता धान कापाले आलो का बाहेर ये!’ त्या बाईला रोपं तुडवू न देता, लुगडं सावरत, सगळ्यांच्या हसण्यातून बाहेर यावं लागतं. थट्टाच असते, पण आठ दिवस पुरते. माझी आई आमच्या ओळीची पुढारी. तिला कधी कोणी कोंडलं नव्हतं, आणि मी लहानपणी ओळीत उतरले तेव्हा तिने मला एकच गोष्ट शिकवली होती, ‘हात थांबू देऊ नको.’

सरांनी मोबाइल काढला आणि व्हिडिओ घ्यायला लागले. शेजारची काकू उभी राहून म्हणाली, ‘अवो सर, आमचा फोटो कायले काढून राहिले? आमी का लग्नात आलो का?’ सगळ्या हसल्या. सर हसले नाहीत. मी धुऱ्यावर आले तेव्हा त्यांनी मला आधी तो व्हिडिओ दाखवला, मग माझ्या हरलेल्या मॅचचा. मॅटवरही मी तशीच हलत होते. पाऊल, हात, पाऊल, हात, मधे श्वासाइतकीही जागा नाही, आणि प्रत्येक वेळी तोच ठेका. समोरच्या पोरीला थोडा वेळ बघितलं की माझा पुढचा पंच कधी येणार ते कळत होतं.

‘तुला थांबता येत नाही,’ सर म्हणाले.

‘थांबली का कोंडतात,’ मी म्हटलं, आणि मलाच विचित्र वाटलं.

त्यानंतर हॉलमध्ये सरांनी मला नुसतं उभं राहायला लावलं. त्यांचा खांदा हलला तरच मारायचं, नाहीतर नाही. सोपं वाटतं ना? माझी टाच आपोआप उचलली जायची. सर खांदा हलवायचेच नाहीत आणि मी मारून मोकळी. एकदा मी चिडून पॅड भिंतीवर फेकलं. सर म्हणाले, ‘पॅडचा काय दोष? जा, जिथं ही सवय लागली तिथंच मोडून ये.’

म्हणून मी बांधीतच थांबायला लागले. रोज एकदा, ओळ रंगात असताना, हात गुडघ्यावर ठेवून सरळ उभी राहायची. पहिल्या दिवशी मी उभी आहे तोवर काकूनं मला कोंडलंसुद्धा. काय आरडाओरडा झाला! कान तापले, डोळ्यांत पाणी आलं, पण मी उभीच राहिले. आईची तर लाजेनं मान वर होत नव्हती. घरी येऊन ती फणफणली, ‘माझ्या पोरीले कोंडते म्हंजे काय? काहून करून राहिली अशी? माझी इज्जत मातीत घालतं का?’ मी सांगून पाहिलं. तिला ते खूळ वाटलं. पण तिने मला ओळीतून काढलं नाही, आणि रोज मला कोंडलेलं बघत पुढे रोवत राहिली.

स्पर्धेत मी फायनलपर्यंत गेले. समोर तीच नागपूरची पोरगी. या वेळी तिने सुरुवातीपासूनच मला ओळखलं होतं, मागे सरकून माझ्या हाताची वाट बघत होती. पॉइंट बरोबरीत आणि वेळ संपत आलेली. नागपूर, मावशी, कॉलेज, सगळं तेवढ्यात अडकलेलं. पायांना पुढे जायची घाई झाली होती. मी थांबले. टाच खाली ठेवली आणि सरळ उभी राहिले. तिला माझा ठेका सापडेना. ती जराशी बिचकली, मग स्वतःच आत आली, आणि तिचा खांदा हलला. माझा हात काही फार वेगाने गेला नाही. रोजच्यासारखाच गेला, पण तिच्या आधी पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बांधीतच होती. मी धुऱ्यावरून मेडल दाखवलं. बाया ओरडल्या, काकूनं चिखलाच्या हातानंच माझी दृष्ट काढली. आई कंबरेवर हात ठेवून धुऱ्याजवळ आली.

‘कशी जिंकली?’

‘थांबली म्हणून जिंकली. सगळ्यात शेवटी, एकदम उभी राहिली.’

‘सगळ्यांच्या समोर?’

‘हो.’

‘अन् कोणी हासलं नाही?’

‘नाही वो आई. टाळ्या वाजवल्या.’

तिने वळून पाहिलं. मागे ओळ तिच्यासाठी खोळंबली होती. मग तिने पदराने तोंड पुसलं, आणि मला वाटलं होतं तशी ती हसली नाही.

‘जाय मंग तू नागपूरले,’ ती म्हणाली. ‘आमाले इथं थांबल्यावर कोणी टाळ्या नाही वाजवत, बाई.’